सोडणे आणि सुटणे : मद्यमुक्तीच्या सभेतील कथन आणि ‘एकच प्याला’

मराठी वाङ्मयात मद्यपानाचा विषय निघाला की विचार ‘एकच प्याला’पासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे नाटकाबाहेर पडून भाषेत रुळली. ‘तळीराम’ हे तर विशेषनाम राहिलेच नाही. ते सामान्यनाम झाले. एखाद्या कलाकृतीने एखाद्या विषयाला असा कायमचा घाट दिला की त्या घाटात न बसणारे अनुभव वाङ्मयाच्या कक्षेबाहेर राहतात. ‘एकच प्याला’ने मद्यासक्तीच्या कथेला दिलेला घाट अधःपाताचा आहे आणि त्याचा शेवट मृत्यूत आहे. पुढे जी माणसे दारू पिऊन मेली नाहीत, जी एका विशिष्ट दिवसापासून प्यायची थांबली आणि तशीच जगत राहिली, त्यांच्या कथेला मराठी समीक्षेत जागा नाही.

अशा माणसांची कथा मात्र अस्तित्वात आहे आणि ती रोज सांगितली जाते. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या नावाने १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन या गावी सुरू झालेल्या चळवळीच्या सभांतून या कथनाचे एक निश्चित रूप सिद्ध झाले आहे. त्याला लेखक नाही, कारण सांगणाऱ्याचे पूर्ण नाव उच्चारले जात नाही. त्याची संहिता नाही, कारण ते टिपून घेतले जात नाही. म्हणून समीक्षकाची दृष्टी सहसा तिकडे वळत नाही. या कथनाचे रूप तपासून ते गडकऱ्यांच्या नाटकाशेजारी ठेवले असता नाटकासंबंधीही काही नवे दिसते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. सभेपर्यंतची वाट

चळवळीच्या उगमाची हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यातील एक तपशील कथनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कमधील शेअरबाजाराशी संबंधित व्यवसाय करणारे बिल विल्सन हे १९३५ च्या मे महिन्यात कामानिमित्त ॲक्रनमध्ये होते. दारू सुटून त्यांना थोडेच महिने झाले होते आणि हाती घेतलेले काम फसले होते. हॉटेलातील मद्यालय जवळ होते. त्यांनी तेथील चर्चांच्या यादीवरून दूरध्वनी करण्यास आरंभ केला आणि आपल्याला एखाद्या मद्यपी माणसाशी बोलावयाचे आहे असे सांगितले. त्या शोधातून त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, चळवळीचा स्थापनादिन मानला जातो.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की विल्सन यांना उपदेशक नको होता, वैद्यही नको होता. त्यांना श्रोता हवा होता. शिवाय तो श्रोता सुधारावा हा त्यांचा प्रथम हेतू नव्हता. स्वतः न पिता ती संध्याकाळ पार पडावी म्हणून ते सांगावयास निघाले होते. कथनाचा लाभ प्रथम कथकाला होतो, ही समजूत पुढील सर्व सभांच्या मुळाशी आहे.

सभेचा पत्ता शोधणाऱ्यास जी सूचना मिळते तिची भाषाही याच स्वरूपाची आहे. तीत वार असतो, वेळ असते, एखाद्या शाळेचा किंवा चर्चच्या आवारातील खोलीचा पत्ता असतो, दूरध्वनीचा एक क्रमांक असतो. अध्यक्ष, वक्ता, निमंत्रक यांपैकी कोणीही नसतो. मराठीतील सभेच्या निमंत्रणपत्रिकेशी परिचित असलेल्या वाचकास ही कर्तृहीन रचना चमत्कारिक वाटेल. परंतु ती योजनापूर्वक आहे. नाव गुप्त ठेवणे आणि जाहिरात न करणे हे चळवळीने १९५० साली स्वीकारलेल्या बारा परंपरांपैकी दोन संकेत आहेत. सभासदत्वाला अट एकच आहे आणि ती म्हणजे पिणे थांबवण्याची इच्छा. वर्गणी नाही, सभेत पैशाची टोपली फिरते, ती ऐच्छिक असते आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. काही सभा ‘खुल्या’ असतात. त्यांना नातेवाईक, विद्यार्थी, जिज्ञासू यांना बसता येते. ‘बंद’ सभा ज्यांना स्वतःच्या पिण्याचा प्रश्न आहे त्यांच्याचसाठी असतात. २०२० च्या महासाथीपासून दूरदृश्य माध्यमातूनही अशा सभा मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. पहिल्याने आलेल्याने बोललेच पाहिजे असे नाही. मागच्या खुर्चीवर बसून ऐकले व निघून गेला तरी त्याला कोणी अडवीत नाही.

या नियमांकडे संघटनेची घटना म्हणून न पाहता कथनाच्या पूर्वअटी म्हणून पाहावे. श्रोत्याकडे पद नाही, कथकाकडे कीर्ती नाही, मध्ये पैसा नाही. एकाचे बोलणे चालू असता दुसऱ्याने प्रश्न विचारावयाचा नाही, सल्ला द्यावयाचा नाही, मतभेद नोंदवावयाचा नाही, अशीही सर्वसाधारण रीत आहे. जे बोलणे उलटतपासणीस पात्र नाही, ते बचावाचे रूप घेत नाही.

२. कथनाचा घाट

सभेतील कथन तीन भागांचे असते : पूर्वी कसे होते, मग काय घडले आणि आता कसे आहे. १९६७ साली विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेत्स्की यांनी मौखिक आत्मकथनाच्या घटकांचे जे विश्लेषण केले, त्यात कथेच्या अखेरीस श्रोत्याला कथेतील काळातून वर्तमानात आणून सोडणारा एक घटक सांगितला आहे. सामान्य कथनात तो एखाद्या वाक्यात आटोपतो. सभेतील कथनात मात्र तोच तिसरा भाग होतो आणि त्याचा आशय बहुधा एवढाच असतो की, सांगणारा आज येथे बसला आहे. कथेचा शेवट आणि कथा सांगण्याची क्रिया ही एकच होऊन जातात. म्हणून या कथेला समाप्ती नाही. पुढल्या आठवड्यात ती पुन्हा सांगावी लागते आणि तेव्हा तिचा शेवट आठ दिवसांनी पुढे सरकलेला असतो.

चळवळीच्या नावाचाच ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आवृत्त्यांचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. ग्रंथाचा पूर्वार्ध विवेचनात्मक, उत्तरार्ध व्यक्तिकथांचा. १९५५, १९७६ आणि २००१ या वर्षी नव्या आवृत्त्या निघाल्या. पूर्वार्ध जवळजवळ जसाच्या तसा राखला गेला. उत्तरार्धातील कथा मात्र प्रत्येक वेळी काही वगळल्या, काही नव्याने घातल्या. ज्या ग्रंथाला त्याचे अनुयायी प्रमाण मानतात त्याचा अर्धा भाग वारंवार बदलावा आणि त्याबद्दल कोणास अपराध वाटू नये, हे सहसा घडत नाही. कथा बदलल्या त्या अधिक सुंदर कथा मिळाल्या म्हणून नव्हे, तर नव्या वाचकाला स्वतःची ओळख पटेल अशा कथा हव्या होत्या म्हणून.

‘ओळख पटणे’ हाच या कथनाचा निकष आहे. साहित्यसमीक्षेत ज्याला साचेबंदपणा म्हणतात तो येथे दोष ठरत नाही. लपवलेली बाटली, चुकवलेला पगाराचा दिवस, मुलाच्या शाळेत जाण्याचे टाळणे, सकाळच्या हाताचा कंप हे तपशील प्रत्येक कथेत परत परत येतात. आणि ते परत येतात म्हणूनच नवागताला कळते की, आपल्या एकट्याचे म्हणून जे गुपित त्याने वर्षानुवर्षे सांभाळले ते या खोलीत सर्वांना तोंडपाठ आहे. नावीन्याने जे साधत नाही ते येथे पुनरुक्तीने साधते. ज्या भाषेच्या परंपरेत आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतील नववी पायरी मानली गेली आणि भजनात तेच पद रोज म्हटल्याने जुने होत नाही, त्या भाषेच्या वाचकास ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये.

३. सुधाकराचा श्रोता

आता ‘एकच प्याला’कडे वळावे. सभेचा विचार मनात ठेवून हे नाटक वाचले असता प्रथम जाणवते ते असे, की या नाटकात सभा आहेच. मात्र ती पिणाऱ्यांची आहे. तळीरामाच्या ‘आर्यमदिरामंडळा’ला नाव आहे, सभासद आहेत, भाषणे आहेत. शास्त्री आणि खुदाबक्ष तेथे एका पंक्तीस बसतात. जातिधर्माचा भेद गळून पडलेली, सर्वांना मुक्तद्वार असलेली अशी नाटकातील एकमेव संस्था ही मद्यपींची आहे. तत्कालीन सुधारकी सभांचे हे विडंबन आहे हे टीकाकारांनी मानलेलेच आहे. परंतु विडंबनापलीकडे त्यात एक निरीक्षणही आहे : मद्यपी माणसाला संगत लागते आणि ती देण्याची कुवत नाटकातील सज्जनांपैकी कोणातही नाही.

सुधाकराला बोलावयास कोण कोण आहे? तळीराम आहे, तो स्वतः पितो आणि सुधाकराच्या पिण्यातच त्याचे हित आहे. सिंधू आहे, तिची निष्ठा एवढी निरपवाद आहे की तिच्यासमोर सुधाकराला केवळ अपराधी होता येते. रामलाल आहे, तो विद्वान आहे, मित्र आहे, पण तो कधी त्या वाटेने गेलेला नाही. व्यसन पायरीपायरीने कसे चढते आणि परतण्याची प्रत्येक वाट कशी बंद होत जाते, हे सांगणारे सुधाकराचे प्रदीर्घ भाषण रामलालला उद्देशून आहे. मराठी रंगभूमीवरील मद्यासक्तीचे इतके अचूक निदान अन्यत्र क्वचितच सापडेल. सभेतील कथनाचा पहिला भाग आणि हे भाषण यांत आशयाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अंतर आहे ते निष्कर्षात. सुधाकर आपल्या अनुभवावरून परतणे अशक्य असल्याचे सिद्ध करतो आणि रामलालपाशी त्यावर उत्तर नाही. युक्तिवादाने त्याचे खंडन होण्यासारखे नाही. त्याचे खंडन एकाच पुराव्याने होऊ शकते : हेच सर्व भोगलेला आणि आज न प्यायलेला माणूस समोर बसलेला असणे. नाटकाच्या पात्रयादीत असा माणूस नाही.

सुधाकर एकदा दारू सोडतो. शुद्धीवर आलेला तो माणूस समाजात परत जाऊ पाहतो, काम मागतो आणि जुन्या परिचितांकडून त्याला अवहेलना मिळते. त्यानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. या प्रसंगाचे स्पष्टीकरण सहसा समाजाच्या निष्ठुरतेने केले जाते आणि ते खोटे नाही. तथापि त्यात आणखी एक गोष्ट आहे. दारू सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सुधाकराला जाण्यासारखे एकच ठिकाण उरते आणि ते तळीरामाचे आहे.

गडकऱ्यांनी जे त्यांच्या काळात नव्हते ते दाखवावयास हवे होते, असा याचा अर्थ नव्हे. शोकांतिकेला ही उणीव आवश्यकच होती. परंतु नाटकाचा रोख व्यक्तीच्या दुर्बलतेवर आहे की तिच्या एकाकीपणावर, हा प्रश्न या वाचनाने नव्याने उभा राहतो. आणि पात्ररचनेचा पुरावा दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.

४. क्रियापद आणि नाम

या भेदाची एक खूण मराठीच्या व्याकरणात आहे. ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही दोन वाक्ये व्यवहारात एकाच घटनेबद्दल वापरली जातात. पहिल्यात कर्ता आहे, तृतीयेचा प्रत्यय आहे, क्रियेची जबाबदारी आहे. दुसऱ्यात क्रिया अकर्मक आहे. दारूच वाक्याचा कर्ता झाली आहे आणि माणूस षष्ठीत, केवळ संबंधी म्हणून उरला आहे. सुधाकराची भाषा पहिल्या वाक्याची आहे. तो प्रतिज्ञा करतो, म्हणजे ‘सोडणे’ या क्रियापदाचा भविष्यकाळावर कायमचा हक्क सांगतो. १८४० साली बाल्टिमोरमध्ये सहा मद्यपींनी काढलेल्या ‘वॉशिंग्टोनियन’ संस्थेची भिस्तही सहीनिशी घेतलेल्या अशाच प्रतिज्ञेवर होती. ती संस्था झपाट्याने वाढली आणि त्याच दशकात ओसरलीही.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले चालत नाही हे मान्य करणे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ‘सोडणे’ या क्रियापदाचे कर्तृत्व आपणास नाही असे मान्य करणे. ग्रेगरी बेटसन यांनी १९७१ साली या पायरीचे जे विवेचन केले, त्याचा रोखही असाच आहे : माणूस एकीकडे आणि बाटली दुसरीकडे असे द्वंद्व मांडले की जिंकण्याची ईर्ष्याच पुन्हा पिण्यास कारण होते. मग माणसाने काय करावयाचे? ‘सुटणे’ ही तर करण्याची क्रिया नव्हे. सभेने दिलेले उत्तर साधे आहे. येणे, बसणे, ऐकणे आणि सांगणे या क्रिया त्याच्या हातातील आहेत. काळ वर्तमान आणि मुदत आजच्या दिवसाची. ज्या क्रियापदाचा कर्ता होता येते ते ‘सोडणे’ नसून ‘येणे’ हे होय, असे या पद्धतीचे सार काढता येईल.

क्रियापदाइतकाच नामाचाही प्रश्न आहे. सभेत बोलणारा आरंभी आपले पहिले नाव सांगतो आणि आपण अल्कोहोलिक असल्याचे सांगतो. वीस वर्षे न प्यायलेला माणूसही हेच वाक्य वर्तमानकाळातच उच्चारतो. या जागी मराठी शब्द योजू पाहता अडचण दिसते. ‘मद्यपी’ म्हणजे पिणारा. वीस वर्षे न पिणाऱ्यास तो शब्द व्युत्पत्तीनेच लागू पडत नाही. ‘दारुडा’ आणि ‘बेवडा’ हेही वर्तनाचीच नावे आहेत आणि त्यांत शिवीचा अंश आहे. ‘मद्यासक्त’मधील आसक्ती ही विवेकाने त्यागण्याची वस्तू आहे, असा संस्कार त्या शब्दामागे उभा आहे. ‘व्यसनी’ शब्दाचे मूळ संस्कृतात संकट आणि दुर्गुण या दोन्ही अर्थांशी जाते. लोकव्यवहारात दुसराच उरला आहे. ‘रुग्ण’ म्हटले तर दोष जातो, पण माणसाचे स्वतःचे असे काहीच उरत नाही. न पिणाऱ्या माणसाची पिण्याविषयीची कायमची प्रकृती दाखवणारे, निंदा आणि दया या दोहोंपासून अलिप्त असे नाम मराठीत घडलेले नाही. अशा स्थितीत परभाषेतला शब्द जसाच्या तसा घेणे हे आळसाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. मराठीत त्याच्यामागे इतिहास नसणे, हीच त्याची उपयुक्तता आहे.

५. काही आक्षेप

या कथनरूपावर घेण्यासारखे आक्षेप आहेत आणि ते गौण नव्हेत. पहिला सत्यतेविषयीचा. कॅरोल केन यांनी १९९१ साली दाखवून दिले की नवागत सभासद इतरांच्या कथा ऐकत ऐकत स्वतःचे पूर्वायुष्य त्या नमुन्यात बसवावयास शिकतो. मग कथा आयुष्यातून निघते की आयुष्य कथेतून? याला उत्तर असे की, हे प्रत्येक आत्मचरित्राबाबत खरे आहे. येथे ते उघड दिसते एवढेच. तथापि ज्याचा अनुभव नमुन्यात बसत नाही त्याची कुचंबणा होते, हेही मान्य केले पाहिजे. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या ‘विमेन फॉर सोब्रायटी’ या संघटनेचा जन्म याच जाणिवेतून झाला. स्त्रीला आपण शक्तिहीन आहोत हे नव्याने म्हणावयास लावणे व्यर्थ आहे, असे तिच्या प्रवर्तकांचे मत होते. म्हणून तेथील सभासद स्वतःचा परिचय समर्थ स्त्री असा करून देतात. पहिले वाक्य बदलले की कथेचा घाट बदलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप सक्तीविषयीचा. अमेरिकेत दारू पिऊन केलेल्या गुन्ह्यांत सभेला उपस्थित राहण्याचा आदेश दिला जाण्याची प्रथा पडली. या सभांतील ईश्वरविषयक आशय लक्षात घेऊन तेथील अपील न्यायालयांनी १९९६ आणि २००७ साली अशी सक्ती धर्मस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. भाषेच्या दृष्टीनेही सक्ती घातकच आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या विवेचनानुसार काही वाक्ये केवळ वर्णन करीत नाहीत, कृती करतात. परंतु योग्य परिस्थिती नसेल तर ती कृती फसते. हजेरीच्या कागदावर सही मिळावी म्हणून उच्चारलेले परिचयाचे वाक्य शब्दशः तेच असले तरी ते वाक्य नव्हे.

तिसरा आक्षेप परिणामकारकतेविषयीचा. तो वस्तुतः वैद्यकाचा विषय आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन परीक्षणात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला आहे की, पद्धतशीरपणे सभेकडे वळवणारे उपचार संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा अधिक फलदायी ठरतात. याचा अर्थ सभा ही औषधोपचाराची जागा घेते असा नव्हे. दीर्घकाळ अति पिणाऱ्याने एकाएकी थांबणे प्राणावर बेतू शकते आणि तेथे वैद्याचीच गरज असते.

६. समारोप

मराठी भाषिकांना हे कथन आता परके राहिलेले नाही. मुंबई-पुण्यात अशा सभा नियमित भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नव्यांच्या मदतीस उभी राहतात. त्या केंद्राचा वृत्तांत अनिल अवचटांच्या लेखनातून मराठी वाचकांपुढे आला आहे. ‘एकच प्याला’च्या पात्रयादीत जो माणूस नव्हता तो मराठी गद्यात असा उशिरा, पण निश्चितपणे अवतरला.

या क्षेत्रात अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक मर्यादा आरंभीच पाळली पाहिजे. सभेतील बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास किंवा टिपून नेण्यास योग्य अशी सामग्री नव्हे. ते टिपले जात नाही म्हणूनच बोलले जाते. छापील कथा, सभासदांनी स्वेच्छेने लिहिलेली निवेदने आणि खुल्या सभांचे संकेत एवढी सामग्री अभ्यासास पुरेशी आहे. बंद सभेच्या दाराशी संशोधकाने थांबावे. त्या दारातून आत जाण्याचा हक्क ज्याला आहे त्याला विद्यापीठाची पदवी लागत नाही.

समीक्षेपुरता निष्कर्ष असा : ‘एकच प्याला’ला मद्यपानाची संपूर्ण कथा मानण्याची सवय सोडून ती कथेचा पहिला भाग मानावी. त्याने नाटकाची उंची कमी होत नाही. गडकऱ्यांनी सुधाकराच्या तोंडी घातलेले निदान आजही खरे आहे. खरा नाही तो त्यातून निघणारा अटळपणा. तो अटळपणा सुधाकराच्या स्वभावात होता की त्याच्या भोवतालच्या रिकाम्या खुर्चीत, हा प्रश्न नाटकाच्या प्रत्येक नव्या वाचकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.